गोळी फुकट मिळते, मग देणगी कशासाठी? कराड तालुक्यातल्या ऊसतोड वस्तीचे एक प्रकरण

देणगीदार आमच्याच तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. आजीच्या वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता ती रक्कम लहान मुलांच्या जंतनाशक गोळ्यांसाठी द्यायची असे त्याने ठरवले आणि आमच्या न्यासाकडे विचारणा केली. न्यास छोटा आहे. कराडच्या आसपासच्या गावांत शिष्यवृत्त्या, एक वाचनालय, दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका, एवढाच व्याप. पण आलेला पैसा कुठे लागला तर जास्त उपयोगी पडेल हे पाहणे आम्ही आमचे कामच समजतो, आणि या देणगीने जितका विचार करायला लावला तितका दुसरीने लावलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितो. माणसांची, गावाची, कारखान्याची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, एका डॉलरपेक्षा कमी खर्चात एका मुलाला वर्षभराचं जंताचं औषध देता येतं, असं मी वाचलंय. मग माझ्या रकमेत आपल्या तालुक्यातली किती मुलं बसतील?"

खरे उत्तर असे होते की तालुक्यातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांना गोळीसाठी त्याच्या एका रुपयाचीही गरज नव्हती. राष्ट्रीय जंतनाशक दिन फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. पुढच्या वर्षी कार्यक्रम देशभर गेला. साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी, तीही चुरडून पाण्यातून. शाळेत वर्गशिक्षक आणि अंगणवाडीत सेविका ती समोर चावून खायला लावतात. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांसाठी आठवडाभरात मॉप-अप दिवस असतो. गोळ्या सरकारी पुरवठ्यातून येतात, पालकांना काही द्यावे लागत नाही. दुकानातून गोळ्यांचे खोके विकत घेऊन आपण वाटत सुटलो असतो, तर ज्या मुलांना आधीच गोळी मिळाली आहे त्यांनाच पुन्हा दिली असती, आणि आरोग्य केंद्राच्या नोंदींचा घोळ झाला असता तो वेगळाच.

मग जगभरच्या ज्या संस्थांविषयी त्याने वाचले होते त्या पैसे घेऊन करतात काय? हे समजून घेण्यात आमच्या पहिल्या दोन बैठका गेल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या.

या संस्थाही गोळ्या क्वचितच विकत घेतात. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनी अल्बेंडॅझोल आणि जॉन्सन अँड जॉन्सन मेबेंडॅझोल देणगी म्हणून देत आली आहे. एव्हिडन्स अ‍ॅक्शन या संस्थेचा डिवर्म द वर्ल्ड हा उपक्रम भारत, केनिया, नायजेरिया, पाकिस्तान अशा देशांत सरकारच्या मागे उभा राहतो. शिक्षकांचे प्रशिक्षण कसे घ्यायचे, गोळ्या जिल्ह्यातून केंद्रापर्यंत वेळेवर कशा पोचवायच्या, गावोगावी काय निरोप द्यायचा, आणि नंतर तिऱ्हाइताकडून पडताळणी कशी करायची, हे ते पाहतात. २०११ मध्ये बिहारने शाळांमधून सुमारे १.७ कोटी मुलांना गोळ्या दिल्या, तेव्हा त्यामागे हेच पाठबळ होते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये २००२ साली अ‍ॅलन फेनविक यांनी सुरू केलेला शिस्टोसोमियासिस (पाण्यातून होणारा एक जंताचा आजार) नियंत्रणाचा उपक्रम आज अनलिमिट हेल्थ या नावाने आफ्रिकेत तेच काम करतो. म्हणजे दिलेला डॉलर गोळीला लागत नाही. तो यादी, वाहतूक, प्रशिक्षण आणि मोजणीला लागतो. हे कळल्यावर देणगीदाराचा चेहरा थोडा उतरला. मला मात्र यातच आमच्या उत्तराची वाट दिसली.

फायदा किती, यावरचा वाद

आमच्यातले एक विश्वस्त डॉक्टर आहेत. त्यांनी आग्रह धरला की तरुणाला फक्त गोड बाजू सांगायची नाही. ते बरोबरच होते, आणि हा भाग मी थोडा रेंगाळून लिहितो, कारण या विषयावर मराठीत बहुतेक वेळा एकच बाजू वाचायला मिळते.

केनियातल्या बुसिया भागात १९९८ पासून ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने जंतनाशक औषध दिले गेले. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी २००४ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला: शाळेतली गैरहजेरी सुमारे पावपट कमी झाली, आणि ज्यांना औषध मिळाले नाही अशा मुलांनाही फायदा झाला, कारण आजूबाजूच्या मातीत पडणारी अंडीच घटली. क्रेमर यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत. त्याच मुलांचा वीस वर्षांनंतर माग काढला तेव्हा, ज्यांना दोन-तीन वर्षे जास्त औषध मिळाले होते त्यांचा घरखर्च १४ टक्के आणि तासाची कमाई १३ टक्के जास्त आढळली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये आले.

आता दुसरी बाजू. २०१५ मध्ये इतर संशोधकांनी मूळ आकडे पुन्हा तपासले. दूरच्या शाळांपर्यंत पोचलेला परिणाम मोजताना चूक झाली होती हे त्यांनी दाखवले, आणि मग दोन्ही बाजूंनी बरीच जुंपली. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे आढावे वारंवार सांगत आले आहेत की सगळ्या मुलांना सरसकट औषध दिल्याने सरासरी वजन, हिमोग्लोबिन किंवा शाळेतली प्रगती फारशी बदलल्याचे दिसत नाही. आपल्या उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर झालेली 'देवता' चाचणी २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. दर सहा महिन्यांनी अल्बेंडॅझोल देऊनही बालमृत्यूत ठोस घट दिसली नाही. देणग्यांचा कस लावणाऱ्या गिव्हवेल या अमेरिकी संस्थेने तर ऑगस्ट २०२२ मध्ये जंतनाशक संस्थांना आपल्या पहिल्या पंक्तीतून काढले. काम वाईट ठरले म्हणून काढले, असे झाले नाही. केनियाच्या आकड्याला मोठी कात्री लावूनही खर्च इतका कमी आहे की पैसे लावणे योग्य ठरू शकते, असे त्यांचे मत राहिले. पण परिणामाची खात्री मलेरियाच्या मच्छरदाण्यांएवढी नाही, म्हणून वेगळ्या निधीतून.

डॉक्टरांनी हे एका वाक्यात मांडले. "जंत झालेल्या लेकराला औषध द्यायचं की नाही, यावर जगात कुणाचा वाद नाही, वाद आहे तो सगळ्यांना एकगठ्ठा देऊन सरासरी किती हलते यावर." तपासून मगच औषध द्यावे म्हटले तर तपासणीचा खर्च गोळीच्या कितीतरी पट होतो. शौचाचा नमुना हवा, काचपट्टी हवी, बघणारा जाणता माणूस हवा, आणि अंकुशकृमीची अंडी तर पट्टी केल्यावर तासाभरात विरघळून दिसेनाशी होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथे २० टक्क्यांहून जास्त मुलांत जंत आहेत तिथे वर्षातून एकदा, ५० टक्क्यांहून जास्त असतील तर दोनदा, न तपासता द्या.

यातून आमच्यासाठी निघालेला प्रश्न असा. सरासरीचा वाद आपण मिटवू शकत नाही. मग ज्यांना जंत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आणि गोळी मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी, अशी मुले आपल्या भागात आहेत का?

१० फेब्रुवारीला ही मुले कुठे असतात

आहेत, आणि ती आमच्या डोळ्यांसमोर होती. दिवाळी झाली की बीड, नगर, जालना, आमच्याच जिल्ह्यातला माणचा दुष्काळी पट्टा आणि शेजारच्या सांगलीतला जत, इथून ऊसतोड टोळ्या कृष्णा-कोयनेच्या काठाला उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून पहाटे फडात जायचे ते अंधार पडल्यावरच परत. कारखान्याच्या किंवा गावाच्या कडेला कोप्यांची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांची, वस्ती पडते आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, तेच घर. शाळेच्या वयाची काही मुले गावाकडे आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आईबरोबर येतात ती तान्ही, दोन-चार वर्षांची, आणि त्यांना सांभाळायला दहा-बारा वर्षांच्या थोरल्या बहिणी.

आता तारीख पाहा. १० फेब्रुवारी म्हणजे गाळप हंगाम भरात. ही लेकरे गावाकडच्या शाळेच्या आणि अंगणवाडीच्या पटावर आहेत, पण तिथे नाहीत. मॉप-अपच्या दिवशीही ती इथेच. इथल्या अंगणवाडीच्या पटावर त्यांची नावे नाहीत. नियमात त्यांची सोय आहे: शाळाबाह्य मुलांना अंगणवाडीत आणून गोळी द्यायची, आणि त्यासाठी आशाताईंना एका फेरीमागे १०० रुपये मिळतात. पण कोप्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर आणि अंगणवाडीच्या वेळेत मुले फडात. गावाचा अहवाल तर पटावरच्या मुलांवरून निघतो. पटावरच्या जवळजवळ सगळ्यांना गोळी दिली की टक्केवारी उत्तम दिसते. ती खोटी नसते, पण कोपीतले लेकरू इथल्या भागाकारात कुठेच बसत नाही आणि गावाकडच्या भागाकारात नुसते गैरहजर दिसते.

गरजेचे म्हणाल तर सातारा जिल्हा २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये देशात पहिला आला, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. त्याच जिल्ह्यातल्या या वस्तीवर शौचालय नव्हते. मोठी माणसे उसाच्या आडोशाला, मुले कोपीच्या मागे, आणि पाटाच्या पाण्याने ओलसर राहणारी सावलीतली माती. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती अंडी अशा मातीत वर्षानुवर्षे टिकतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. त्यातल्या मोठ्या जातीचा एक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त घेतो. असे शंभर असले आणि लेकराच्या जेवणात भाकरी आणि चटणीच असली, तर अंगात रक्त राहील कुठून? इथे मी केनियाच्या सरासरीची वाट पाहायला तयार नव्हतो.

बैठकीत विरोधही झाला, आणि तो चांगला होता. एक विश्वस्त म्हणाले, "ऑगस्टमध्ये ही मुलं आपल्या गावी असतात, तेव्हा एक गोळी मिळतेच. वर्षातून एकदा पुरते असं तुम्हीच सांगताय. मग एवढा खटाटोप कशाला?" डॉक्टरांनी उत्तर दिले की औषधाने आत असलेले जंत पडतात, पण मातीतली अंडी तशीच राहतात, आणि सहा महिने अशा वस्तीवर काढलेल्या मुलाला जंत पुन्हा होणारच, शिवाय जत्रेसारखी फिरती घरे, सगळ्यांना ऑगस्टमध्ये मिळाली असेल हे कोण सांगणार? विश्वस्तांचे पूर्ण समाधान झाले नाही. माझ्या मते त्यांची शंका आजही योग्य आहे, आणि ऑगस्टच्या गोळीची नोंद इथे कळण्याची सोय झाली तर ती फिटेल.

पैसा कशावर गेला

देणगीदाराने अखेर रक्कम दोन ठिकाणी वाटली. एक भाग त्याने स्वतःच परदेशी संस्थेला दिला. आमच्यासारख्या न्यासाला पैसा देशाबाहेर लावणे करसवलतीच्या नियमांमुळे अवघड असते, म्हणून तो मार्ग त्याच्या वैयक्तिक खात्यातून. दुसरा भाग या वस्तीसाठी. त्यातून एकही गोळी विकत घेतली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राने लेखी मागणीवर जादा गोळ्या दिल्या. आम्ही मागेपर्यंत कुणी मागितल्या नव्हत्या एवढेच.

पैसा गेला तो आधी यादीवर. गावातल्या दोन मुलींना, दोघीही बारावी झालेल्या, मानधन देऊन संध्याकाळी कोपी-कोपीने पाठवले. नाव, वय, गाव, गावाकडची अंगणवाडी किंवा शाळा, ऑगस्टमध्ये गोळी खाल्ली का, सध्या ताप किंवा आजार आहे का. वय नेमके सांगता येत नव्हते तिथे "मागच्या हंगामात बसायला लागला होता" अशा खुणांवरून लिहिले. दीड वर्षाच्या बाळाला अर्धी की पूर्ण, हे वयावरूनच ठरते, त्यामुळे या रकान्यावर आरोग्य सेविकेने सगळ्यात जास्त वेळ घालवला.

मग वेळेचा पेच. सेविकेचे म्हणणे, गोळी सकाळीच द्यायची. कुणाला मळमळ झाली, पोटात दुखले तर दिवसा सांभाळता येते. जंत जास्त असलेल्या मुलांना असा त्रास होतो, तासा-दोन तासांत उतरतो, पण जवळ माणूस लागतो. आयांचे म्हणणे वेगळेच. एक बाई स्पष्ट बोलली, "ताई, गोळी द्या, आमचं न्हाई म्हणणं न्हाई. पर लेकराला वांत्या झाल्या तर मला कोपीवर थांबावं लागंल. खाडा पडला तर तो तुम्ही भरणार का?" खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दंड, आणि उचलीत आधीच बुडालेल्या कुटुंबाला तो परवडत नाही. तिचा प्रश्न मला पूर्ण रास्त वाटला. बैठकीत आम्ही सगळे गोळीच्या सुरक्षिततेवर बोलत होतो. तिने तिची किंमत सांगितली.

तोडगा मुकादमाशी बोलून निघाला. कारखाना साफसफाईसाठी बंद राहतो त्या दिवशी तोड नसते, बाया कोपीवरच असतात. तो दिवस साधारण आधी कळतो. त्या दिवशी सकाळी, मुलांनी काही खाल्ल्यावर, सेविका, अंगणवाडी सेविका आणि आशाताई वस्तीवर आल्या. गाडीभाडे देणगीतून. आजारी मुलांना वगळले. लहानांना गोळी चमच्यात चुरडून दिली, कारण सबंध गोळी घशात अडकण्याचा धोका खरा असतो. १०८ ची गाडी लागली तर रस्ता कुठून, हे आधीच पाहून ठेवले होते. ती लागली नाही. दोन-तीन मुलांना मळमळ झाली, दुपारपर्यंत ती खेळत होती. संध्याकाळपर्यंत सेविका थांबल्या आणि त्यांनी त्या वेळात गरोदर बायांची तपासणीही उरकली. ती आमच्या योजनेत नव्हती, आणि त्या दिवसाचे सगळ्यात मोलाचे काम कदाचित तेच झाले.

काही कुटुंबांनी नकार दिला. आम्ही आग्रह धरला नाही. एका आजोबांनी वावडिंग देतो म्हणून सांगितले. देणगीदाराची आजीही तेच देत असे, हे त्याने मला नंतर सांगितले.

हिशेब

दर मुलामागे आलेला खर्च सरकारी फेरीच्या कितीतरी पट होता, डॉलरच्या त्या प्रसिद्ध आकड्याच्याही बराच वर. हे देणगीदाराला लपवले नाही. शंभर मुलांची शाळा एका शिक्षकाकडून होते. विखुरलेल्या कोप्यांतली मुले एकेक शोधावी लागतात. शेवटची मुले नेहमीच महाग पडतात, आणि सरासरी खर्च स्वस्त दिसतो तो अनेकदा ती वगळली म्हणून. मोठ्या संस्थांकडे पाहताना मी आता हाच प्रश्न आधी विचारतो: तुमच्या टक्केवारीच्या छेदात कोण आहे? एव्हिडन्स अ‍ॅक्शनसारख्या संस्था शाळांना तिऱ्हाइताकडून भेटी देऊन पडताळणी करतात ही चांगली गोष्ट आहे, पण शाळेच्या दारातून मोजणारा शाळेबाहेरचे मूल कसे मोजणार?

शौचालयाचे काम मात्र झाले नाही. फिरती शौचालये आणायची तयारी होती. जमीन एकाची, पाणी दुसऱ्याचे. ग्रामपंचायत म्हणे कारखान्याने करावे, कारखाना म्हणे टोळी मुकादमाची. शौचालय नसेल तोवर दर हंगामात गोळी लागणार हे आम्ही सगळ्यांना लिहून कळवले आहे आणि पुन्हा कळवणार आहोत. देणगीतले उरलेले पैसे त्यासाठीच राखून ठेवले आहेत. देणगीदाराने तशी संमती दिली.

यादीची एक प्रत गावाकडच्या अंगणवाड्यांना पाठवली, म्हणजे ऑगस्टमध्ये त्यांना कळेल की कुणाला फेब्रुवारीत इथे गोळी मिळाली आहे. बीडकडच्या दोन सेविकांनी फोन करून नावे ताडून घेतली आणि आमच्या यादीत नसलेली, पण याच टोळीबरोबर निघालेली काही मुले सांगितली. ती मुले इथे पोचलीच नव्हती. टोळी वाटेत फुटून एक भाग कर्नाटकात गेला होता. त्या सेविकांनी आता टोळी निघतानाच मुलांची नावे आम्हाला कळवायचे मान्य केले आहे, आणि आमच्या मुली या दिवाळीनंतर ती यादी हातात घेऊनच कोप्यांवर जातील.